रवंथ आणि मलप्रभेचा काठ

आईचं दहावं-बारावं उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि घर एकदम मोठं झालं. त्या रात्री तिला लवकर दवाखान्यात नेलं असतं तर? दिवसभर मी एवढंच घोळवत बसायची. शेजारच्या काकू एकदा दारातूनच म्हणाल्या, "घरात बसून काय करूलैस गं? घाटाकडं तरी जाऊन ये जा." तेव्हापासून संध्याकाळी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मलप्रभा नदीच्या काठाला जायची सवय लागली.

तेच ते मनात घोळवण्याला मानसशास्त्रात 'रुमिनेशन' म्हणतात, त्याचा मूळ अर्थच रवंथ. गाईला रवंथ केलेलं पचतं, आपल्याला पचत नाही. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी शहरात राहणाऱ्या ३८ जणांना ९० मिनिटं चालायला लावलं, निम्म्यांना झाडं असलेल्या गवताळ माळावर आणि निम्म्यांना गजबजलेल्या रस्त्याकडेने. माळावर चालून आलेल्यांचं घोळवणं कमी झालं. शिवाय मन उदास होऊन स्वतःतच गुंतलं की मेंदूचा जो भाग जास्त काम करतो, कपाळामागे खोलवरचा, तोही शांत झालेला दिसला. ही माणसं निरोगी होती, दुःखातली नव्हती, हे विसरून चालणार नाही. पण घोळवणं काय असतं ते मला ठाऊक होतं.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांचा सिद्धांत मला अधिक पटतो. मुद्दाम एकवटलेलं लक्ष थकतं. माणूस गेल्यावर तर ते पिळूनच निघतं : मृत्यूचा दाखला, बँक, रेशनकार्ड, कन्नडमधले अर्ज. निसर्गात लक्ष आपसूक ओढलं जातं, तेही हळुवार, त्यामुळे थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. घाटावर एक खंड्या तारेवर बसायचा. मान दोनदा हलवायचा, सरळ पाण्यात सूर मारायचा, चोचीत मासा धरून वर यायचा आणि तो दगडावर आपटून आपटून मगच गिळायचा. तो सूर मारेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नसायचं. मग कुणी बाई पदर खोचून धुणं आपटायला लागली की आई आठवायची, रडू यायचं.

हे असंच होतं, असं शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं. शोकातला माणूस झोपाळ्यासारखा हलतो, कधी गेलेल्या माणसाकडे, कधी चालू आयुष्याकडे. दोन्ही लागतं. सहा महिने उलटूनही झोपाळा एकाच टोकाला अडकून रोजचं जगणं थांबलं असेल, तर मात्र नदीवर भिस्त ठेवू नये, डॉक्टरांकडे जावं.

चालण्याने कल्पनाही सुचतात. २०१४ च्या एका प्रयोगात बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना अधिक कल्पना सुचल्या, आणि बाहेर चालणाऱ्यांच्या उपमा सर्वांत नव्या निघाल्या. आईच्या साड्या ट्रंकेत तशाच होत्या, हात लावायचा धीर होत नव्हता. एका संध्याकाळी खंड्याने सूर मारला तिथून वलयं पसरत काठाला आली, आणि मला त्यात वाकळेचा धावदोरा दिसला.

आई वाकळ कडेपासून आत शिवत यायची. मी मधून बाहेर गोल टाके घालत निघाले. काकूंनी येऊन पाहिलं. "मधनं सुरू केलीस व्हय?" म्हणाल्या, आणि शेजारी बसून दुसऱ्या सुईत दोरा ओवायला लागल्या.