सरकारी अभियोक्त्यांचे निवृत्तिलाभ (मुंबई)

मुंबईच्या फौजदारी कोर्टांत सरकारतर्फे उभे राहणारे सगळेच ‘पीपी (पब्लिक प्रॉसिक्युटर) साहेब’ किंवा ‘पीपी मॅडम’. पेन्शन मात्र सगळ्यांना नाही. किल्ला कोर्ट, कुर्ला, अंधेरी इथे दंडाधिकाऱ्यांपुढे खटले चालवणारे सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगामार्फत निवडलेले, अभियोग संचालनालयाचे पगारी अधिकारी असतात. सत्र न्यायालयासाठी वकिलीतून मुदतीपुरता नेमलेला सरकारी वकील फी घेतो; मुदत संपली की ना पेन्शन, ना उपदान (ग्रॅच्युइटी).

संवर्गातला, म्हणजे पगारी, अधिकारी ५८ वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. जन्म १ तारखेचा असेल तर आदल्याच महिन्याअखेर, आणि हे अनेकांना ऐनवेळी कळते.

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्यांना १९८२चे निवृत्तिवेतन नियम लागू. किमान १० वर्षे अर्हताकारी (पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा हवी. पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे. मूळ वेतन ९०,००० असेल तर पेन्शन ४५,०००. त्यातले ४० टक्के, म्हणजे १८,०००, एकरकमी पैशांच्या बदल्यात विकले (अंशराशीकरण) तर दरमहा २७,००० उरतात, पण महागाई वाढ पूर्ण ४५,००० वर मिळते. विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अंशराशीकरणाचा अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण कमाल ३०० दिवसांचे.

नंतर रुजू झालेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना: कर्मचाऱ्याचे अंशदान १० टक्के, शासनाचे १४. भरतीची जाहिरातच १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असेल, तर फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा पर्याय दिला.

प्रकरण अडते ते बहुधा सेवापुस्तकात. एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात बदली झाली आणि मधल्या वर्षाच्या सेवा पडताळणीची सही राहिली, की पेन्शन प्रकरण तपासणारे महालेखापाल कार्यालय आक्षेप लावून प्रकरण परत पाठवते. वैद्यकीय दाखल्याशिवाय घेतलेली असाधारण (बिनपगारी) रजा सेवेतून वजा होते. वेतननिश्चिती वेतन पडताळणी पथकाकडून वेळीच तपासून घ्यावी. चूक निघाली तर जादा दिलेल्या पगाराची वसुली उपदानातून होऊ पाहते. निवृत्तांकडून अशी वसुली नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रफीक मसीह प्रकरणात म्हटले; पण जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र दिलेले असेल तर २०१६चा जगदेव सिंग निकाल आडवा येतो. विभागीय चौकशी चालू असल्यास तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते, उपदान थांबते.

मुंबईत पेन्शन कोषागारातून नव्हे, वांद्र्याच्या अधिदान व लेखा कार्यालयातून निघते. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला.