‘चौकशी लागली’ म्हणजे नेमकी कोणती?

कार्यालयात कुणाविरुद्ध तक्रार आली की बातमी एवढीच फिरते: ‘साहेबांवर चौकशी लागली.’ कोणती, हे कुणी विचारत नाही आणि घोळ तिथेच होतो. राज्य शासनाच्या नोकरीत प्राथमिक चौकशी वेगळी, विभागीय चौकशी वेगळी.

प्राथमिक चौकशीत तक्रारीत तथ्य आहे का, एवढंच पाहतात. कागद मागवतात, चारदोन जबाब घेतात. इथे उलटतपासणीचा हक्क नसतो. तुम्हाला न बोलावताही ती उरकता येते. आणि नेमकी याच टप्प्यावर माणसं घाबरून पानभर माफीनामा लिहून देतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. विचारलं तेवढंच, माहीत असलेलं सांगावं आणि सही केलेल्या जबाबाची प्रत मागावी.

विभागीय चौकशी सुरू होते ती दोषारोपपत्र हातात पडल्यावर. बडतर्फी, पदावनती अशी जबर शिक्षा द्यायची तर एरवी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम ८ चा हा रस्ता धरावाच लागतो. आरोपांसोबत कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी मिळते. यादी म्हणजे कागद नव्हेत बरं का. ते पाहायला लेखी मागावे लागतात. बचाव सहायक, म्हणजे तुमची बाजू मांडायला मदत करणारा माणूस, घेता येतो, समोरच्या साक्षीदारांची उलटतपासणी करता येते, आपले साक्षीदार आणता येतात. प्राथमिक चौकशीतला कुणाचा जबाब उलटतपासणीची संधी न देता इथे वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा बजावलं. चौकशी अधिकाऱ्याने आरोप सिद्ध धरले तर शिक्षेआधी अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क १९९३ च्या निकालापासून पक्का आहे. पण ‘सगळं आधीच ठरलंय’ म्हणत तारखांना गेलाच नाहीत, तर चौकशी एकतर्फी होते आणि हे सगळे हक्क कागदावरच राहतात.

ठपका, वेतनवाढ रोखणं अशा किरकोळ शिक्षेसाठी मात्र बहुतेकदा नोटीस आणि तुमचा खुलासा एवढ्यावर भागतं.

एक अपवाद पुष्कळांना ठाऊक नसतो. लैंगिक छळाच्या तक्रारीत, अशा तक्रारींसाठी नेमलेल्या तक्रार समितीची चौकशी प्राथमिक समजू नका. तिचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. म्हणजे साक्षीदार, कागद, प्रश्न, जे काही मांडायचं ते समितीपुढेच मांडायचं.