माहितीची सत्यता व वैधता : रशियन संज्ञा

माहिती खरी, विश्वासार्ह किंवा वैध आहे हे सांगण्यासाठी रशियन भाषेत वापरली जाणारी संज्ञावली व तिच्या भाषांतराचे प्रश्न. इंग्रजीत ‘व्हॅलिडिटी’ हा एकच शब्द जिथे चालून जातो, तिथे रशियनमध्ये विषयानुसार वेगळा शब्द घ्यावा लागतो : माहिती वस्तुस्थितीशी जुळते व तिच्यावर विसंबता येते, या अर्थी ‘दोस्तोवेर्नोस्त’; करार वा पारपत्र कायद्याने अंमलात आहे, या अर्थी ‘देइस्त्वितेल्नोस्त’; निष्कर्षाला पुरेसा आधार आहे, या अर्थी ‘ओबोस्नोवान्नोस्त’; आणि मानसशास्त्रीय चाचणी जे मोजायचे तेच मोजते, या अर्थी ‘वालिद्नोस्त’. (येथील लिप्यंतर उच्चारानुसारी नसून रशियन लेखनानुसारी आहे.) यांतील पहिली संज्ञा सर्वांत व्यापक असल्यामुळे भाषांतरकार तिचाच आधार घेतात, परंतु तिचाही अर्थ शास्त्रागणिक बदलतो.

‘दोस्तोवेर्नी’ हे विशेषण ‘दोस्तोयनी’ म्हणजे योग्य, आणि ‘वेरा’ म्हणजे श्रद्धा वा विश्वास, या शब्दांशी निगडित आहे. ‘विश्वासास पात्र’ या अर्थाच्या ‘आक्सिओपिस्तोस’ या ग्रीक शब्दाची घडण उचलून तो चर्च स्लाव्ह या स्लाव्ह लोकांच्या जुन्या धार्मिक भाषेतील भाषांतर-परंपरेत तयार झाला असावा, हे मत सामान्यतः मान्य आहे. मराठीतील ‘विश्वासार्ह’ (विश्वास + अर्ह) या शब्दाची घडण नेमकी अशीच असल्याने तो प्रतिशब्द म्हणून सहज सुचतो. मात्र ‘विश्वासार्हता’ मराठीत माणसाचीही असते. रशियनमध्ये माणसाच्या किंवा माहितीस्रोताच्या भरवशासाठी ‘नाद्योझ्नोस्त’ हा शब्द असून ‘दोस्तोवेर्नोस्त’ ही प्राधान्याने माहितीची असते. ‘स्रोत भरवशाचा, पण बातमी शंकास्पद’ असे म्हणताना हा फरक निर्णायक ठरतो.

या संज्ञांच्या मागे ‘इस्तिना’ आणि ‘प्राव्दा’ ही ‘सत्य’ या अर्थाची जुनी जोडी उभी आहे. ‘प्राव्दा’ हा शब्द मराठी वाचकांना १९१२ मध्ये सुरू झालेल्या वृत्तपत्राच्या नावामुळे परिचित आहे; परंतु त्याचा जुना अर्थ ‘न्याय, धर्म्य आचरण’ असा होता, आणि अकराव्या शतकाच्या सुमारास आकारास आलेली ‘रूस्काया प्राव्दा’ ही कायदेसंहिता त्याच अर्थाने तसे नाव धारण करते. चर्च स्लाव्ह बायबलमधील ८४ व्या स्तोत्रात (मराठी बायबलच्या क्रमाने ८५ व्या) ‘इस्तिना’ भूमीतून उगवते व ‘प्राव्दा’ स्वर्गातून खाली पाहते, असा चरण आहे. तेथे पहिला शब्द ग्रीक ‘अलेथेइया’ (सत्य) साठी, तर दुसरा ‘दिकाइओसिने’ (न्याय, नीतिमत्त्व) साठी योजला आहे. १८६३–६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात व्लादीमिर दाल याने याच चरणाच्या आधारे इस्तिना ही बुद्धीची आणि प्राव्दा ही सदाचाराची बाब ठरवली. आजच्या बोलण्यात मात्र ‘प्राव्दा’ हे साधे ‘खरे’ झाले असून ‘इस्तिना’ तत्त्वज्ञान, धर्म व तर्कशास्त्र यांकडे सरकली आहे.

‘इस्तिना’च्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. पाव्हेल फ्लोरेन्स्की याने १९१४ च्या आपल्या धर्मशास्त्रीय ग्रंथात तिचा संबंध ‘येस्त’ (आहे) या क्रियारूपाशी जोडला आणि रशियन माणसाला सत्य म्हणजे ‘जे आहे ते’ असे वाटते, असा निष्कर्ष काढला. ‘अस्’ धातूपासून ‘सत्’ व ‘सत्य’ साधणाऱ्या आपल्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हे मत चटकन पटण्याजोगे आहे. तथापि मूळ ‘ए’ स्वराच्या जागी ‘इ’ कसा आला, हे या मताने समाधानकारकपणे उलगडत नाही. दुसऱ्या मतानुसार शब्दात ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग आणि ‘उभे राहणे’ हा धातू आहे. तिसरे मत त्याला सर्वनामाच्या मूळाकडे नेते व ‘तोच, नेमका तो’ हा अर्थ आद्य मानते. सर्बियनमध्ये ‘इस्ती’ म्हणजे आजही ‘तोच’, आणि जुन्या रशियनमध्ये ‘इस्तो’ म्हणजे कर्जाची मुद्दल, हे पाहता तिसऱ्या मताकडे पुरावा अधिक झुकतो असे दिसते.

कायद्याच्या भाषेत या शब्दांना काटेकोर स्थान आहे. २००१ च्या रशियन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ८८ व्या अनुच्छेदानुसार प्रत्येक पुरावा संबद्धता, ग्राह्यता (‘दोपुस्तीमोस्त’) व दोस्तोवेर्नोस्त या तीन निकषांवर, आणि सर्व पुरावे मिळून पुरेसेपणाच्या निकषावर तपासायचे असतात. म्हणून ‘ग्राह्य’ व ‘विश्वसनीय’ यांची अदलाबदल भाषांतरात चालत नाही : बेकायदा मिळवलेला पुरावा खरा असूनही अग्राह्य ठरू शकतो. व्यापारी न्यायालयांच्या प्रक्रिया संहितेतील ७१ व्या अनुच्छेदाप्रमाणे, ज्यातील माहिती ‘देइस्त्वितेल्नोस्त’शी जुळते तो पुरावा दोस्तोवेर्नी होय. येथे ‘देइस्त्वितेल्नोस्त’चा अर्थ ‘वस्तुस्थिती’ आहे. करारासंदर्भात तोच शब्द ‘वैधता’ सांगतो. दोन्ही ठिकाणी ‘वैधता’ लिहिणारा अनुवाद निरर्थक होतो. मार्च २०१९ च्या कायदादुरुस्तीत ‘नेदोस्तोवेर्नाया’ म्हणजे दोस्तोवेर्नी नसलेल्या माहितीचा उल्लेख आहे, तर मार्च २०२२ मध्ये दंडसंहितेत घातलेल्या २०७.३ या अनुच्छेदात ‘झावेदोमो लोझ्नाया’ म्हणजे जाणूनबुजून खोटी माहिती असे शब्द आहेत. पहिल्याचे भाषांतर सरसकट ‘खोटी’ असे केल्यास कायद्यातील हा भेद पुसला जातो.

लेखाशास्त्रात आंतरराष्ट्रीय मानकांच्या रशियन पाठात ‘फेअर’ सादरीकरणासाठी ‘दोस्तोवेर्नोये’, ‘फेथफुल’साठी ‘प्रावदीवोये’, आणि ‘फेअर व्हॅल्यू’मध्ये मात्र ‘स्प्रावेदलीवाया’ (न्याय्य) असे शब्द आढळतात.

संख्याशास्त्रातील गोंधळ जुना आहे. सोव्हिएत काळातील वैद्यक व जीवशास्त्राच्या लेखनात ‘सार्थ (सिग्निफिकंट) फरक’ यासाठी ‘दोस्तोवेर्नी’ फरक असे लिहिण्याची प्रथा पडली. सार्थकता-चाचणी निष्कर्षाला खात्री देत नाही, केवळ विशिष्ट गृहीतकाखाली तसे निरीक्षण किती विरळ आहे हे सांगते; त्यामुळे ‘झ्नाचिमोस्त’ (सार्थकता) हाच शब्द योग्य, अशी टीका रशियन संख्याशास्त्रज्ञांनी केली असून ती रास्त आहे. जुना वापर तरीही पूर्णपणे गेलेला नाही. ‘लाइकलिहुड’ (मिळालेली निरीक्षणे एखाद्या गृहीतकाशी किती जुळतात, याचे माप) या संख्याशास्त्रीय संज्ञेसाठी रूढ असलेला ‘प्रावदोपोदोबिये’ (सत्यसदृशता) हा शब्द मात्र निर्विवाद आहे. मापनशास्त्रात २००२ च्या रशियन राष्ट्रीय मानकाने ‘अक्युरसी’ला (मापनाची एकंदर अचूकता) ‘तोच्नोस्त’, ‘ट्रूनेस’ला (मापनांची सरासरी खऱ्या मूल्याजवळ असणे) ‘प्राविल्नोस्त’ आणि ‘प्रिसिजन’ला (मापने एकमेकांजवळ असणे) ‘प्रेत्सिझिओन्नोस्त’ असे प्रतिशब्द नेमून दिले. तिसऱ्यासाठी परकीय शब्द घ्यावा लागला, कारण ‘तोच्नोस्त’ पहिल्यात गुंतला होता.

तर्कशास्त्रात सर्व अर्थनिर्णयांत खरे ठरणाऱ्या सूत्राला ‘ओब्श्चेझ्नाचिमाया’ (सर्वत्र वैध) म्हणतात. माहिती-सुरक्षेत अस्सलपणाला ‘पोदलिन्नोस्त’ आणि अबाधिततेला ‘त्सेलोस्त्नोस्त’ हे शब्द आहेत. ‘आक्तुआल्नोस्त’ दिसायला इंग्रजी ‘ॲक्च्युअल’सारखा असला तरी त्याचा संबंध खरेपणाशी नसून माहिती अद्ययावत व प्रस्तुत असण्याशी आहे.