इंदूरकर खूश आहेत का? या प्रश्नाची पार्श्वभूमी

इंदुरात लोक निगमावर, म्हणजे महानगरपालिकेवर, खूश आहेत की नाही, हे आकड्यांत मांडायची रीत फार जुनी नाही. आधी नाराजी मोर्च्यातून कळे. यशवंतसागर आणि बिलावली या तलावांचे पाणी पुरेना, तेव्हा १९७० मध्ये शहर रस्त्यावर उतरले आणि सत्तर किलोमीटरवरची नर्मदा मागून घेतली. नर्मदाकाठच्या जलूदचे पाणी १९७८ मध्ये आले. त्याहीपूर्वी, १९१८ मध्ये, एका स्कॉटिश नगररचनाकाराने होळकर दरबाराला शहरसुधारणेचा जाडजूड अहवाल दिला होता. रहिवाशांच्या समाधानाची मोजदाद मात्र तेव्हा कोणी केली नाही.

खरी गुंतागुंत सुरू झाली २०१४ मध्ये, तक्रारींसाठी राज्याची १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आली तेव्हा. तक्रार खालच्या अधिकाऱ्याकडून सुटली नाही तर ती चार पायऱ्या चढत वर जाते, आणि तक्रारदार ‘संतुष्ट’ झाला तर ती बंद होते. कागदावर याहून लोकाभिमुख काय असणार? पण दर महिन्याला विभागांची ग्रेडिंग निघू लागली आणि समाधान हे अधिकाऱ्यांच्या गुणपत्रिकेतले खाते झाले. रामबागेत ड्रेनेज तुंबले की निगमाच्या झोन कार्यालयातून फोन येतो. काम झाले का, हे नंतर, आधी आर्जव, “माताजी, शिकायत कटवा दीजिए.” बाई भिडस्त असतील तर हो म्हणून टाकतात. अडून बसल्या तरी वरच्या पायरीवर तक्रार ‘फोर्स क्लोज’ करण्याची सोय आहेच. या सोयीचे समर्थन करणारे म्हणतात की काही तक्रारदार कशानेच समाधानी होत नाहीत. ते खोटे नाही. पण समाधान नसताना तक्रार बंद करायची मुभा ठेवली, तिथेच मूळ नियमाची हवा गेली.

मग आले स्वच्छ सर्वेक्षण, शहरांना स्वच्छतेचे क्रमांक देणारी केंद्राची पाहणी. २०१६ मध्ये इंदूर पंचविसावे, २०१७ मध्ये पहिले. त्या वर्षी २००० पैकी ६०० गुण नागरिकांच्या अभिप्रायाला होते, पुढच्या वर्षी ४००० पैकी १४००. म्हणजे लोकांनी काय सांगितले यावरही क्रमांक ठरू लागला. साहजिकच अभिप्राय द्या, ॲप उतरवून घ्या, अशी मोहीम गल्लोगल्ली चालली. आपले शहर सर्वेक्षणात उतरले आहे हे माहीत आहे का, असाही एक प्रश्न होता. त्याचा झाडूशी संबंध काय, ते विचारणारेच जाणोत. तरी एवढे मान्य करायलाच हवे की कचरागाडी दारात खरोखर रोज येते आणि चौकातल्या भरून वाहणाऱ्या पेट्या गेल्या. हे गुण फुकट मिळालेले नाहीत.

२०२० च्या सुरुवातीला निगमाच्या परिषदेची मुदत संपली. २०२२ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. पहिला क्रमांक त्या काळातही सुटला नाही. नगरसेवकावाचून काही अडत नाही, असा अर्थ काहींनी त्यातून काढला. नळ, पथदिवा, बंद गटार यांसाठी सकाळी ज्याचे दार वाजवायचे तो माणूसच नव्हता, हे सांगायला कुठल्या सर्वेक्षणात रकाना होता?

मार्च २०२१ मध्ये केंद्राच्या दोन याद्या एकत्र आल्या. दशलक्षाहून मोठ्या शहरांत पालिकेच्या कामगिरीत इंदूर पहिले, राहण्याच्या सुलभतेत नववे. दुसऱ्या यादीत रहिवाशांच्या मताला ३० टक्के वजन होते. जल्लोष पहिल्या यादीचा झाला.

एबी रोडवरची बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखलेली मार्गिका, २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये तोडायला घेतली. बसमधल्यांचे समाधान मोजायचे की मोटारीतल्यांचे, हा वाद दोन्ही वेळा होता.

पाणी मात्र या सगळ्या मोजणीत मागेच राहिले. नर्मदेचा नळ आजही बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड येतो. २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुरात नळाच्या दूषित पाण्याने माणसे दगावली. घाण पाण्याच्या तक्रारी तिथून त्याआधीच केल्या गेल्या होत्या.