शोगुनचा लाडका यानागिसावा आणि एक जुनी अफवा

जपानचा शोगुन (लष्करी सत्ताधीश) त्सुनायोशी आपला मर्जीतला सरदार यानागिसावा योशियासुच्या मुलाला वारस नेमणार होता, म्हणून शोगुनच्या बायकोनेच शोगुनला भोसकलं, ही कथा पिढ्यानपिढ्या चघळली जाते. ती खोटी आहे. त्सुनायोशी १७०९ मध्ये गोवराने गेला. महिन्याभरात पत्नीही वारली आणि कुजबुजीला ऊत आला. वारस म्हणून पुतण्या इएनोबु चार वर्षं आधीच ठरला होता. इएनोबुची मोकळी झालेली कोफूची जहागीर यानागिसावाला मिळाली.

मर्जी होतीच, पण माणूस कर्तबगारही होता. कावागोए या आपल्या आधीच्या जहागिरीत त्याने माळरान लागवडीखाली आणलं: रस्त्यालगत घर, मागे शेत, त्यामागे झाडी. झाडीतल्या पाल्याचं खत शेताला. धनी जाताच तो स्वतःहून पायउतार झाला.