उघडी चोच आणि टपकणारा घाम

एप्रिल-मे महिन्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात काढलेले पक्ष्यांचे फोटो बघत गेलात तर एक गंमत दिसते. भर दुपारी फांदीवर चोच उघडून बसलेला कोतवाल किंवा सातभाई, आणि खाली ओळ: ‘गाण्यात रंगलेला’. बिचारा बहुतेक वेळा गात नसतो, धापा टाकत असतो.

गाणाऱ्या पक्ष्याची चोच उघडते, मिटते. तापलेल्या पक्ष्याची उघडीच राहते. पिसं अंगाला घट्ट चापून बसवलेली असतात, पंख खांद्यापासून जरा सुटे धरलेले असतात, कारण पंखाखाली पिसं विरळ असतात आणि तिथून उष्णता लवकर निघते. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नाहीत. त्यामुळे पाण्याची वाफ करून थंड व्हायचं तर मुख्य जागा म्हणजे तोंड, घसा आणि श्वासमार्ग. एका बाबतीत मात्र ते आपल्यापेक्षा सुखी. त्यांचं शरीर मुळातच गरम, साधारण ४० ते ४२ अंशांचं. हवा ३८ अंशांवर गेली तरी त्यांच्या अंगातली उष्णता थोडीफार हवेकडे जाते. आपल्या बाबतीत तेव्हा उलटा कारभार सुरू झालेला असतो.

धापा टाकण्यातही एक अडचण आहे. जोरजोरात श्वास घेतला की छातीचे स्नायू राबतात, म्हणजे पुन्हा उष्णता तयार होते. शिवाय कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडून रक्ताचं गणित बिघडू शकतं. खाडीकाठचे वंचक बगळे आणि पाणकावळे, जंगलातला रातवा यांनी यावर छान तोड काढली आहे. ते गळ्याखालची पातळ, ओली त्वचा भराभरा थरथरवतात. हलवायचं वजन नगण्य, त्यामुळे श्रम कमी, आणि फुप्फुसांवर ताणही नाही. हे टिपायला शटर स्पीड वाढवून उपयोग नाही, थरथर गोठून जाते. दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा.

येऊरचे ओढे तोवर आटून डबक्यांवर आलेले असतात. अशा डबक्याशी काडीच्या टोकावर बसलेला चतुर पाहा. डोक्यावर ऊन आलं की तो आपलं लांबट पोट (आपण त्याला शेपटी म्हणतो) सरळ सूर्याकडे रोखतो. आडव्या पोटावर पडलं असतं त्याच्या कितीतरी कमी ऊन आता त्याच्यावर पडतं. त्याच्यावर सावली आली तर हळूहळू पोट खाली येतं. फोटोग्राफरला याहून स्वस्त प्रयोग मिळायचा नाही, फक्त सावली लांबूनच पाडायची.

त्याच ओल्या मातीवर फुलपाखरं सोंड टेकून बसतात, बहुतेक नर. पाण्याइतकीच त्यांना गरज असते सोडियमची, कारण पानाफुलांतून ते फारसं मिळत नाही. म्हणूनच एखादं फुलपाखरू थेट कॅमेऱ्याच्या घामट पट्ट्यावर उतरतं आणि सोंड उलगडून मीठ टिपू लागतं. फोटो काढायचा तर कॅमेरा हलतो, न काढावा तर राहवत नाही! इथे एक सांगायलाच हवं. दुपारी उरलेल्या एकुलत्या डबक्याला खेटून तासभर ठाण मांडू नये. आपण तिथे आहोत तोवर पक्षी पाण्यावर उतरत नाहीत, आणि त्या तासाला त्यांना पाण्याची सर्वांत जास्त गरज असते.

आता तो घाम. एक लिटर घाम त्वचेवरून उडून गेला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पाठीवर बॅग घेऊन चढ चढताना शरीरात सहज ४०० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे नुसती तीच बाहेर काढायला ताशी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त घाम उडायला हवा; उन्हाची भर वेगळी. उडायला हवा, गळायला नव्हे. कोपरावरून टपकलेला थेंब शरीराला काहीही थंडावा न देता गेला. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता तिथेच. हवा दमट असली की घाम उडत नाही, नुसता गळतो. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही, त्याचं कारणही हेच.

म्हणून आपल्याकडे नुसता पारा बघून चालत नाही. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर जो आकडा दिसतो, त्याच्या खाली घाम आपल्याला नेऊ शकत नाही. नागपूरला ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा आकडा २३च्या आसपास येतो. ठाण्यात ३६ अंश आणि ६० टक्के असेल तर २९! नागपूरकर आपल्या ३६ अंशांना हसतात, हसू द्यावं. हवामान खात्याचा तापलाटेचा उंबरठाही मैदानी भागात ४० अंश आणि किनारपट्टीला ३७ आहे (सरासरीपेक्षा किती जास्त, हेही पाहिलं जातं). १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने १४ जण दगावले, तेव्हा पारा ३८च्या आसपासच होता.

त्यात आपण आठवडाभर ऐरोली-महापेच्या ऑफिसांतल्या एसीत बसतो आणि रविवारी एकदम डोंगर गाठतो. शरीराला उन्हाशी जुळवून घ्यायला आठवडा ते दोन आठवडे रोज थोडा उकाडा सोसावा लागतो. मग घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. नुसतं पाणी ढोसत राहण्यापेक्षा मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस बरं. आणि ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ हा समज घातक आहे. चालून-चढून होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला तर कॅमेरा बाजूला. त्याला सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला आणि १०८ला फोन लावा.

कॅमेऱ्याचं दुखणं त्यामानाने किरकोळ. बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, त्यामुळे काळी बॉडी उन्हात ठेवू नये. तापलेल्या डांबरावरून किंवा कातळावरून लांबचा फोटो घेतला की तो मऊ येतो. लोक लेन्सला दोष देतात. खरं तर मधल्या हवेचे गरम-गार पट्टे प्रकाश वेडावाकडा वळवत असतात, त्यामुळे लेन्स कितीही महाग असली तरी फरक पडत नाही. मधलं अंतर कमी करणं किंवा सकाळी आठच्या आत काम उरकणं, एवढंच हातात आहे.

आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. मे महिन्यातल्या ठाण्याच्या हवेतली वाफ २५ अंशांच्या काचेवरही जमू शकते, आणि गाडीतली लेन्स बहुधा त्याहून गार असते. ती पुसून काही होत नाही, परत धुरकटते. बॅगेची चेन बंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटं चालत राहा, तोवर लेन्स बाहेरच्या हवेइतकी गरम झालेली असेल.