कंपनीचं वय : एअर डेक्कनच्या दोन जन्मांची पार्श्वभूमी

२३ डिसेंबर २०१७ रोजी जळगाव–मुंबई विमानसेवा सुरू झाली तेव्हा विमानावर नाव होतं 'एअर डेक्कन'. जुन्या प्रवाशांना हे नाव ओळखीचं होतं, आणि म्हणूनच बुचकळ्यात टाकणारंही. एअर डेक्कन तर विजय मल्ल्या यांच्या समूहाने घेतली होती, तिची किंगफिशर झाली होती आणि किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली ती पुन्हा उठलीच नाही. मग जळगावच्या धावपट्टीवर उभं असलेलं हे विमान कुणाचं होतं?

याचं उत्तर शोधायला कंपनीच्या कागदपत्रांच्या इतिहासात शिरावं लागतं. एरवी तो कंटाळवाणा वाटेल, पण इथे तो सोडून चालत नाही. स्वस्त विमानसेवा का बुडते याची कारणं सगळ्यांना पाठ असतात: इंधन महाग, भाडं कमी, स्पर्धा जीवघेणी. एअर डेक्कनच्या बाबतीत ही सगळी खरी आहेतच. पण ती कंपनी शेवटी विकली गेली तेव्हा तिच्या ताब्यातल्या एका वेगळ्याच गोष्टीला भाव आला. ती गोष्ट म्हणजे तिचं वय.

सुरुवात हेलिकॉप्टरपासून होते. कॅप्टन जी. आर. गोपीनाथ मूळचे कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूरचे. सैन्यात अधिकारी होते, १९७१ च्या युद्धात होते. नोकरी सोडून गावी आले तर घरची जमीन हेमावती धरणाखाली जात होती. मोबदल्यात जावगल भागात माळरान मिळालं. धरणग्रस्त म्हणजे काय हे कोयना-उजनीच्या काठच्या माणसाला सांगायला नको. त्या माळावर त्यांनी नारळ लावला, रेशीमशेती केली आणि रासायनिक खतांशिवाय रेशीम काढण्याच्या कामासाठी १९९६ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळवला. मधल्या काळात हासनमध्ये मोटरसायकलची एजन्सी चालवली, उडुपी हॉटेलही चालवून पाहिलं. मग कॅप्टन के. जे. सॅम्युअल यांच्यासोबत 'डेक्कन एव्हिएशन' ही भाड्याने हेलिकॉप्टर देणारी कंपनी उभी केली आणि १९९७ मध्ये तिची सेवा सुरू झाली.

हे हेलिकॉप्टर लक्षात ठेवायला हवं. विमान कंपनी त्याच्या पोटातून दोनदा बाहेर आली.

त्या काळात देशांतर्गत विमानप्रवास म्हणजे इंडियन एअरलाइन्स, जेट आणि सहारा. लहान शहरांचा प्रयोग सरकारने आधी करून पाहिला होता. १९८१ मध्ये 'वायुदूत' सुरू झाली, प्रामुख्याने ईशान्येसाठी. पुढे तिचा पसारा देशभर वाढला, तोटाही वाढला, आणि ती इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळून गेली. १९९० च्या दशकात ईस्ट-वेस्ट, दमानिया अशा खासगी कंपन्या आल्या आणि गेल्या. २००३ पर्यंत चित्र असं होतं की देशात दुसऱ्या महायुद्धापासूनच्या आणि संस्थानी काळातल्या धावपट्ट्या ओस पडल्या होत्या, आणि विमानाचं तिकीट मध्यमवर्गीय माणसाच्या हिशेबातच नव्हतं.

डेक्कन एव्हिएशनने २००३ मध्ये 'एअर डेक्कन' नावाने विमानं उडवायला घेतली ती एटीआर ४२ जातीची, पंख्याची, पन्नासेक माणसांची. ही निवड हिशेबी होती. एटीआरला छोटी धावपट्टी पुरते, इंधन कमी लागतं. शिवाय अशा पंख्याच्या विमानांच्या इंधनावर विक्रीकर फक्त चार टक्के होता, तर जेटच्या इंधनावर राज्यं वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत कर लावत. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानांना उतरण्याचं शुल्कही पुढे माफ झालं. लहान गावाचं गणित जुळत होतं ते या सवलतींमुळे. नुसत्या धडाडीने ते जुळलं नसतं.

सुरुवात मात्र अपशकुनी झाली. हैदराबादहून विजयवाड्याला जाणाऱ्या उद्घाटनाच्या उड्डाणात, व्यंकय्या नायडूंसारखे नेते आत बसलेले असताना, इंजिनाने पेट घेतला. माणसं सुखरूप उतरली, पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत नव्या कंपनीची ओळख त्या आगीने झाली. एखादी कंपनी तिथेच गुंडाळली गेली असती. हिने आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आपलं बोधचिन्ह म्हणून घेतला, तोच चौकड्यांच्या कोटातला, धोतर नेसलेला, पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात पुतळा असलेला. विमानाच्या अंगावर एअर इंडियासारखा महाराजा नको, हा माणूस हवा, हे ठरवणाऱ्याला आपला प्रवासी नेमका दिसत होता असं मला वाटतं.

त्या प्रवाशाला काय मिळायचं? आत गेल्यावर जेवण नाही. पाण्याची बाटलीसुद्धा विकत. बोर्डिंग पासवर आसन क्रमांक नाही. बसमधून उतरलं की शिडीकडे लगबग, आणि आत शिरेल त्याने खिडकी धरावी. रुमाल टाकून जागा पकडायची एसटीतली सवय इथे उपयोगी पडत होती. तिकीट म्हणजे साध्या कागदावरची छापील प्रत, आणि ते काही हिंदुस्थान पेट्रोलियमच्या पंपांवरही मिळायचं. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही, ट्रॅव्हल एजंटच्या काचेच्या दाराआड जायला जो बिचकतो, त्याच्यासाठी पेट्रोल पंप ही ओळखीची जागा होती. भाड्याची स्पर्धा इतर विमानांशी नव्हती, रेल्वेच्या एसी डब्याशी होती. थोड्या जागा एक रुपयाला, वर कर, अशी योजनाही निघाली. त्या एक रुपयाची चर्चा इतकी झाली की बाकीची तिकिटं नेहमीच्या भावाने विकली जात होती हे लोकांच्या लक्षात राहिलं नाही.

२००४ मध्ये कंपनीने एअरबस ए-३२० घेतली आणि दिल्ली–बंगळूरसारख्या लांब मार्गांवर मोठ्या कंपन्यांना अंगावर घेतलं. इथून तिचा स्वभाव बदलला. हुबळी, कोल्हापूरला एटीआर नेणारी कंपनी वेगळी आणि १८० आसनांची विमानं भरायची जबाबदारी घेतलेली कंपनी वेगळी. आयसीआयसीआय व्हेंचर आणि कॅपिटल इंटरनॅशनल या गुंतवणूकदार संस्थांचे पैसे आले, विमानं चाळीसच्या पुढे गेली, शहरं साठच्या पुढे. देशातला जवळपास दर पाचवा विमानप्रवासी डेक्कनचा झाला. पण २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर आल्या, २००६ मध्ये इंडिगो आली. वैमानिक एकमेकांकडून पळवले जाऊ लागले. मुंबई-दिल्लीवर विमानं आकाशातच घिरट्या घालत, आणि त्यात जळणारं इंधन ज्याचं भाडं सगळ्यात कमी त्याला सगळ्यात जास्त टोचत होतं.

मे २००६ मध्ये डेक्कन एव्हिएशनने शेअर विक्रीला काढले. नेमका त्याच महिन्यात बाजार कोसळला. विक्रीची मुदत वाढवावी लागली, १४८ रुपयांना शेअर दिला गेला आणि नोंदणीच्या दिवशीच तो त्याच्या बराच खाली गेला. पैसे आले, पण तोटा शेकडो कोटींचा होता आणि पुढच्याच वर्षी पुन्हा पैसे शोधायची वेळ आली.

३१ मे २००७ रोजी मल्ल्यांच्या यूबी समूहाने २६ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं. भाव शेअरमागे १५५ रुपये, एकूण सुमारे ५५० कोटी. पाठोपाठ बाकीच्या भागधारकांकडून आणखी शेअर घेण्याचा खुला प्रस्ताव आला आणि कंपनीचा ताबा गोपीनाथांच्या हातून गेला. 'सिम्प्लिफ्लाय डेक्कन' असं नाव झालं, आणि विमानांच्या रंगातही किंगफिशरची छाया आली.

आता त्या वयाची गोष्ट. भारतीय कंपनीला परदेशात विमान न्यायचं असेल तर देशात पाच वर्षं सेवा दिलेली असावी आणि ताफ्यात वीस विमानं असावीत, असा तेव्हा सरकारी नियम होता. विमान वाहतुकीतली माणसं त्याला नुसतं 'फाइव्ह-ट्वेंटी' म्हणत. किंगफिशर एअरलाइन्स सुरू झाली मे २००५ मध्ये. म्हणजे तिला लंडनला जायला २०१० उजाडलं असतं. डेक्कनची पाच वर्षं ऑगस्ट २००८ मध्ये पुरी होत होती.

म्हणून विलीनीकरण उलट्या दिशेने झालं. लोकांच्या डोळ्यांपुढे मोठी किंगफिशर छोट्या डेक्कनला गिळत होती. कागदावर मात्र किंगफिशर एअरलाइन्स डेक्कन एव्हिएशनमध्ये विलीन झाली. त्याआधी हेलिकॉप्टरचा धंदा बाजूला काढून 'डेक्कन चार्टर्स' या वेगळ्या कंपनीत ठेवला गेला. मग उरलेल्या डेक्कन एव्हिएशननेच आपलं नाव बदलून 'किंगफिशर एअरलाइन्स लिमिटेड' केलं. अंगावरचे कपडे बदलले, जन्मतारीख जुनीच राहिली. या एका चालीत मल्ल्यांच्या कंपनीला परदेशी उड्डाणाचा हक्क मिळाला आणि स्वतःचा शेअर विकायला न काढता बाजारात नोंदणीही मिळाली. ३ सप्टेंबर २००८ ला किंगफिशरचं बंगळूर–लंडन विमान उडालं.

याचा एक परिणाम फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. बँकांचे हजारो कोटी बुडवणारी किंगफिशर एअरलाइन्स लिमिटेड ही कंपनी-कायद्याच्या नजरेत तीच कंपनी होती, जिने कॉमन मॅनचं चित्र विमानावर लावलं होतं. १४८ रुपयांना शेअर घेऊन तो जपून ठेवणारा डेक्कनचा भागधारक, स्वतः काहीही न करता, किंगफिशरचा भागधारक झाला आणि तिच्याबरोबर बुडाला. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त वाईट त्याचं वाटतं.

स्वस्त सेवेचं नाव ऑगस्ट २००८ मध्ये 'किंगफिशर रेड' झालं. भाडी वर सरकली, तोट्याचे मार्ग गळू लागले. सप्टेंबर २०११ मध्ये मल्ल्यांनी रेड बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर्षभराने, ऑक्टोबर २०१२ मध्ये, किंगफिशरची उड्डाणं थांबली आणि परवाना स्थगित झाला. कोल्हापूरकडे त्यानंतर काही वर्षं विमान फिरकलंच नाही. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, धावपट्टी जागेवर, शहरात पैसा, उद्योग, साखर, आणि विमान नाही.

गोपीनाथ मधल्या काळात मालवाहतुकीकडे वळले होते. २००९ मध्ये त्यांनी 'डेक्कन ३६०' काढली; नागपूर देशाच्या मध्यावर म्हणून रात्री सगळी विमानं तिथे आणून माल अदलाबदल करायची अशी रचना होती. ती दोन वर्षांत थांबली.

मग 'उडान', लहान शहरं विमानाने जोडायची केंद्र सरकारची योजना. २७ एप्रिल २०१७ ला ही योजना सुरू झाली, आणि पहिल्याच दिवसाच्या उड्डाणांत नांदेड–हैदराबादही होतं. योजनेचं गणित असं: तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागा सुमारे अडीच हजार रुपयांत विकायच्या, त्यातून येणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देणार, आणि त्या मार्गावर तेवढा काळ दुसरा स्पर्धक नाही. बोली लावणाऱ्यांत हेलिकॉप्टरवाली डेक्कन चार्टर्स होती. तिने जुनं नाव पुन्हा वापरात आणलं. जळगावला आलेलं विमान तिचं होतं. मल्ल्यांनी घेतलेल्या कंपनीशी त्याचा धागा होता तो एवढाच, की विलीनीकरणाच्या वेळी नको म्हणून बाजूला काढलेला भाग हाच.

विमान होतं बीचक्राफ्ट १९००डी, १९ आसनांचं. मधल्या अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच आसन, त्यामुळे जवळपास प्रत्येकाला खिडकी आणि वाटही. हवाई सुंदरी नाही, कारण इतक्या कमी आसनांना ती नियमाने लागत नाही. विमानाचं दार उघडलं की त्याच्याच पायऱ्या होतात. जळगाव, नाशिक आणि २०१८ च्या एप्रिलपासून कोल्हापूर मुंबईशी जोडलं गेलं. नाशिकहून पुण्यालाही सेवा होती.

घोडं अडलं मुंबईत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एकोणीस माणसांचं विमान उतरायलाही साधारण तेवढाच वेळ जातो जेवढा एकशे ऐंशी माणसांच्या विमानाला. विमानतळ चालवणाऱ्याने छोट्याला वेळ का द्यावा? दिला तर आडवेळेचा. नाशिककराला सकाळी जाऊन मंत्रालयातलं काम उरकून संध्याकाळी परतायचं असतं. ते पंचवटी एक्सप्रेसने कधीपासून जमतंच. आडवेळेच्या आणि ऐनवेळी रद्द होणाऱ्या विमानासाठी ओझरच्या विमानतळापर्यंत कोण जाईल? सरकारने तुटीचे पैसे देऊ केले, पण मुंबईतली ती पाच-दहा मिनिटं मिळवून देणं त्या योजनेच्या हातात पुरतं नव्हतंच. माझ्या मते दुसऱ्या एअर डेक्कनचं खरं दुखणं हे होतं. करोनाने फक्त शेवटचा घाव घातला. एप्रिल २०२० मध्ये तिने उड्डाणं थांबवली आणि कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं.

'फाइव्ह-ट्वेंटी'तली पाच वर्षांची अट जून २०१६ च्या हवाई धोरणात निघून गेली होती; वीस विमानांची अट तेवढी राहिली. त्यामुळे केवळ वयासाठी कंपनी विकत घेण्याचं कारण उरलेलं नाही.

नाशिकहून २०२३ मध्ये इंडिगोची विमानं सुरू झाली ती नागपूर, गोवा आणि अहमदाबादला. जळगावला २०२४ पासून गोव्याच्या 'फ्लाय ९१' चं एटीआर ७२ येतं, मोपा आणि हैदराबादहून. त्या कंपनीचे प्रमुख मनोज चाको पूर्वी किंगफिशरमध्ये वरिष्ठ पदावर होते. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडल्यानंतर, जून २०२५ मध्ये, सोलापूरला गोव्याहून पहिलं विमान आलं तेही याच कंपनीचं.